देव मानून जगणं, न मानता जगणं आणि मधला अर्थाचा प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत विचारले जातात. आमच्या चर्चच्या तरुण मंडळातली मुलं विचारतात, सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, ऐरोलीला आयटीत असलेला भाचा तर नाइट शिफ्टमधून मेसेज टाकून विचारतो, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. मी ख्रिस्ती आहे, कोपरखैरणेत राहते, घराणं मूळचं नगरकडचं, तेव्हा मी तटस्थ आहे असा दावा नाही. पण समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, त्यालाही वाटलं पाहिजे की हो, मी हेच म्हणतो, आणि मगच आपलं बोलायचं, एवढं पथ्य पाळलंय.

सेक्युलर विचार म्हणजे नक्की कुठला? सगळे नास्तिक एकच मानतात का?

अजिबात नाही. (आणि इथे सरकार किंवा राज्यघटनेचा विषय नाहीये, माणूस स्वतःचं आयुष्य कसं समजून घेतो त्याबद्दल बोलतोय.) एक प्रकार म्हणजे जे काही आहे ते निसर्गच आहे, विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, आपण उत्क्रांतीतून आलो, कुणी आपल्याला ठरवून पाठवलेलं नाही असं मानणारे. दुसरे मानवतावादी, ते म्हणतात ठीक आहे, वरून कुणी बघत नाही पण माणूस आहे ना, त्याचं दुःख कमी करणं हाच अर्थ. तिसरे अस्तित्ववादी. सार्त्र या फ्रेंच विचारवंताने १९४५ मध्ये पॅरिसच्या एका भाषणात मांडलं की माणूस आधी जन्माला येतो आणि मग निवडी करत करत स्वतःला घडवतो, आधीपासून ठरलेला साचा वगैरे काही नसतो. काम्यू या फ्रेंच लेखकाचं म्हणणं त्याहून टोकदार, आपण अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, तरी हार न मानता जगायचं. हल्ली मुलांमध्ये स्टोइक विचारसुद्धा फार चालतो, जे आपल्या हातात आहे तेवढंच बघा वाला.

आणि एक प्रकार आहे ज्याला कुणी नाव देत नाही पण घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सगळ्यात जास्त लोक तोच जगतात, त्यात आम्ही चर्चला जाणारेही आलो. चांगलं पॅकेज, मोठा फ्लॅट, मुलांची चांगली शाळा, वर्षाला एक ट्रिप, आणि मोठे प्रश्न नंतर बघू. माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाची खरी स्पर्धा सार्त्रशी नाहीच, याच्याशी आहे.

देव न मानणाऱ्याचं आयुष्य अर्थहीन असतं असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, आणि कुणी पाळक किंवा प्रचारक स्टेजवरून असं म्हणाला तर मला मनापासून वाईट वाटतं.

समाजसुधारक आगरकरांकडे बघा ना. मोठ्या परीक्षा पास होऊन मुलगा बक्कळ पैसा आणेल ही आशा सोड, मी पोटापुरत्यावर समाधान मानून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार, असं त्यांनी विद्यार्थी असताना आईला कळवलं आणि ते पाळलंही. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, दमा होता, पैसा नव्हता, आणि १७ जून १८९५ ला गेले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. देव आहे की नाही हे आपल्याला कळू शकत नाही या मताचा माणूस. आता याच्या आयुष्याला अर्थ नव्हता म्हणायची कुणाची हिंमत आहे? तेच डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, तोपर्यंत हा माणूस वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी शांतपणे झगडत होता. माझा एक कॉलेजपासूनचा मित्र ठाण्यात अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) काम करतो, कोविडमध्ये आमच्या मंडळीतल्या दोन घरांना त्याने ऑक्सिजन मिळवून दिला, आमच्यातले बरेच जण तेव्हा घरात बसून प्रार्थनेचे मेसेज फॉरवर्ड करत होते.

योगायोग बघा, त्याच १८९५ च्या फेब्रुवारीत, १० तारखेला, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या आधी रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिला होता आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले, सुटलेच नाहीत. टिळकांनाही समाजाने वाळीत टाकलं. म्हणजे दोघंही मराठी, दोघंही जुन्या चौकटीत गुदमरलेले, दोघांनीही किंमत मोजली, आणि पोचले अगदी वेगवेगळ्या ठिकाणी. मला हे दोघं शेजारी शेजारी ठेवून वाचायला आवडतं, कारण मग "नास्तिक म्हणजे भोगवादी" आणि "आस्तिक म्हणजे अडाणी" ही दोन्ही वाक्यं तोंडातून निघत नाहीत.

मग फरक कुठे आहे? दोघंही चांगलं जगतात, विषय संपला की.

फरक चांगलं जगण्यात नाही, अर्थ येतो कुठून यात आहे. सेक्युलर विचारात अर्थ माणूस तयार करतो, कामातून, नात्यांतून, लढ्यातून, कलेतून. ख्रिस्ती विश्वासात अर्थ आधी मिळतो आणि काम, नाती, लढे त्याच्या मागून येतात. पहिला अर्थ हप्त्यावर घेतलेल्या घरासारखा आहे, घर खरंच तुमचं, त्यात सुखाने राहता पण, फक्त भरायची ताकद असेतोवर. दुसरा बापाने नावावर करून दिलेला.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. आमच्या नात्यातले एक आजोबा आयुष्यभर शिक्षक होते, गणित शिकवायचे, आणि शेवटची वर्षं विस्मरणाच्या आजारात गेली. आधी शाळा विसरले, मग मुलं, मग बायको, मग चमचा कसा धरायचा तेसुद्धा. आता जर अर्थ मी तयार करतो, तर तयार करणाराच विरघळून गेल्यावर त्या अर्थाचं काय होतं? माझ्या अंनिसवाल्या मित्राला मी हे विचारलं तर त्याने फार प्रामाणिक उत्तर दिलं, तो म्हणाला अगं त्यांचा अर्थ आता त्यांच्या डोक्यात नाही, तुम्ही सगळे त्यांना भरवताय, पुसताय, त्याच्यात आहे. मला ते उत्तर आवडलं आणि ते खरंही आहे. पण मग ठाणे स्टेशनच्या पुलाखाली झोपलेला माणूस, ज्याला भरवणारं पुसणारं कुणीच नाही, त्याचं काय? आणि भरवणारेही एक दिवस जाणारच आहेत.

बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की आई एक वेळ पोटच्या पोराला विसरेल पण मी तुला विसरणार नाही, तुला मी माझ्या तळहातांवर कोरलंय. आजोबा देवाला विसरले होते, प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नव्हती त्यांना. आमचा विश्वास असा की देव त्यांना विसरला नव्हता, आणि त्यांची किंमत त्या आठवणीत होती, त्यांच्या स्वतःच्या नाही. तुम्हाला हे पटेल न पटेल, पण दोन विचारांमधला फरक बघायचा तर इथे बघा, धडधाकट माणसाच्या उत्साहाच्या दिवसांत तो दिसतच नाही.

ख्रिस्ती विश्वास नक्की काय सांगतो अर्थाबद्दल? नियम पाळा आणि स्वर्गात जा, एवढंच ना?

असं बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही वाटतं. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट बघा. पोरगं बापाचा वाटा घेऊन उडवून येतं, परतताना वाटेत भाषण पाठ करतं की मला निदान नोकर म्हणून तरी ठेवा, आणि बाप ते भाषण पूर्ण होऊच देत नाही. आणि घरात थोरला भाऊ आहे, सगळे नियम पाळलेला, तो मात्र बाहेर रुसून उभा. नियम पाळून हक्क मिळवायचा प्रकार येशूनेच त्या गोष्टीत मोडीत काढला.

थोडक्यात म्हणजे माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, म्हणून प्रत्येकाला किंमत. तो बिघडलेलाही आहे, म्हणून नुसत्या उपदेशाने भागत नाही. देव स्वतः येशूमध्ये माणूस झाला, क्रूसावर मेला आणि उठला, म्हणून मरण हा शेवटचा शब्द नाही. आणि शेजाऱ्यावर प्रेम ही देवाच्या प्रेमाची केलेली परतफेड नसून त्याचं वाहणं आहे.

विज्ञानाने हे सगळं केव्हाच निकालात काढलंय ना?

विज्ञानाने बऱ्याच चुकीच्या समजुती निकालात काढल्या आणि बरं झालं. गॅलिलिओला १६३३ मध्ये चर्चने दोषी ठरवलं ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे, ती चूक होती हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्य करायला १९९२ उजाडलं. पण दुसरी बाजूही सांगा. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा आणि पुढे १९३१ मध्ये ते एका आदिम अणूपासून सुरू झालं असेल म्हणणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता.

विश्व कसं झालं हे विज्ञान सांगतं आणि जबरदस्त सांगतं. ते कशासाठी आहे हा प्रश्न त्याच्या उपकरणांत मावत नाही, आणि तो प्रश्नच फालतू आहे असं जो म्हणतो तो विज्ञान सांगत नसतो, स्वतःचं तत्त्वज्ञान सांगत असतो. तसंच, विज्ञानाला उत्तर सापडलं नाही तिथे तिथे देव कोंबणाऱ्यांनाही माझा विरोध आहे, उद्या उत्तर सापडलं की तुमचा देव बाहेर.

देवाशिवाय नैतिकता शक्य नाही का?

वागणं शक्य आहे, रोज दिसतं. माझा प्रश्न पायाचा आहे. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यात आपल्या हंसा मेहतांनी आग्रह धरून पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी सगळी माणसं असा शब्द आणला, किती मोठं काम आहे ते. त्याच काळातली जाक मारितँ या कॅथलिक विचारवंताने सांगितलेली गोष्ट अशी की कट्टर विरोधी मतांचे लोक हक्कांच्या यादीवर सहमत झाले, फक्त अट एकच, का म्हणून ते विचारायचं नाही.

मानवतावादी म्हणतील की का ची गरज नाही, सहानुभूती उत्क्रांतीतून आली, समाज तिच्यावर चालतो, बस झालं. ठीक आहे, पण उत्क्रांतीतून क्रूरपणाही आलाय, टोळीबाहेरच्याला मारण्याची खुमखुमीही आलीय, मग यातलं एक वर आणि दुसरं खाली हे ठरवलं कुणी? शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला बेकायदा इमारत कोसळली, ७४ जीव गेले, त्यात लहान लेकरं किती. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या पोटात जी आग उठली ती "समाजाला हे सोयीचं नाही" एवढीच नव्हती. हे पाप आहे, ज्याने केलं तो कुणाला तरी उत्तर द्यायला बांधील आहे, असं नास्तिकालाही वाटलं. मला वाटतं ते वाटणं खोटं नाही, ते काहीतरी खरं ओळखतंय.

देव चांगला आहे तर मग किल्लारीचा भूकंप का? कोविड का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबते आणि सगळ्यात कमी ठामपणे बोलते.

आधी हे मान्य करू की इथे सेक्युलर माणसाला सोपं जातं. जमिनीखाली ताण साठला, खडक सरकला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. कुणी केलं नाही, कुणावर रागवायचं नाही, पुढच्या वेळी घरं नीट बांधायची. यात एक शांतपणा आहे आणि त्यातून चांगलं कामही होतं. आम्हाला मात्र रागवायला कुणीतरी आहे, म्हणून आमचा प्रश्न जास्त बोचतो.

बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. मुलं मेली, अंगभर फोड, आणि मित्र भेटायला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते गप्प बसले, आणि माझ्या मते तेवढंच त्यांनी बरोबर केलं, कारण नंतर तोंड उघडलं आणि तुझ्या पापामुळेच झालं वगैरे सुरू झालं. शेवटी देव कुणावर चिडतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. म्हणून कृपा करून कुणाचं मूल गेलं असेल त्या घरी जाऊन "देवाची इच्छा" म्हणू नका, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" तर अजिबात नको. येशू मित्राच्या थडग्यापाशी गेला तेव्हा त्याने व्याख्यान दिलं नाही, तो रडला.

मग उत्तर काय? किल्लारीचं कारण मला कुणी सांगितलेलं नाही. ख्रिस्ती विश्वास कारण देत नाही, तो एक माणूस दाखवतो जो क्रूसावर ओरडला की माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. म्हणजे का हा प्रश्न देवाच्या स्वतःच्या तोंडून निघालाय. आमचा देव दुःखाच्या बाहेर उभा राहून बघणारा नाही, त्याच्या हाताला खिळ्यांचे व्रण आहेत. रात्री तीन वाजता आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला याचा उपयोग होतो का? मला झालाय. सगळ्यांना होईलच असं मी म्हणणार नाही.

विश्वास म्हणजे मनाचा आधार हो, कुबडी. फ्रॉइडने सांगितलंय की.

मनोविश्लेषक फ्रॉइडचा मुद्दा असा की असहाय माणसाला बाप हवा असतो म्हणून तो देव कल्पतो. असेलही कुणाकुणाच्या बाबतीत. पण देव नसावा अशीही इच्छा असू शकते, कुणी जाब विचारणारा नको म्हणून, तेव्हा या हत्याराला दोन्हीकडून धार आहे. हवंसं वाटणं यावरून ते खरं ठरत नाही तसं खोटंही ठरत नाही.

येशूचा प्रेषित पौलाने करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात, सरळ म्हटलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. आधार वाटतो ना मग झालं, असं तो म्हणत नाही. घटना घडली असेल तर उभे, नसेल तर आडवे. मला धर्मात हा रोखठोकपणा आवडतो.

आणि पंडिता रमाबाईंना कुबडी हवी होती असं कोण म्हणेल? दुष्काळात आईवडील गेले, पायी हिंदुस्थान फिरल्या, शास्त्रं मुखोद्गत, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या चर्चवाल्यांशीसुद्धा वाद घालायला लागल्या, तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही म्हणून. नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये किती बायका उभ्या केल्या.

पण ख्रिस्ती लोकांचा इतिहास तरी कुठे स्वच्छ आहे?

नाहीये. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि १८१२ पर्यंत या ना त्या रूपात राहिलं. चर्चमध्ये जात आली, लग्नं ठरवताना आजही येते. याचा बचाव मी करणार नाही. एवढंच म्हणेन की याला चूक म्हणायला मला येशूकडेच जावं लागतं, त्याच्यापासून लांब नाही.

शंका आल्या म्हणजे विश्वास संपला का?

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोक हादरले, कारण वर्षानुवर्षं त्यांना देव जवळ असल्यासारखं वाटतच नव्हतं, आत नुसता अंधार. आणि तरी रोज उठून त्या मरणाऱ्यांची शुश्रूषा करायला जायच्या. मला हे वाचून हायसं वाटलं. भावना म्हणजे विश्वास नव्हे.

काकू, तुम्ही मला कन्व्हर्ट करायला बघताय का?

नाही रे. घटनेच्या २५व्या कलमाने तुला तुझं आणि मला माझं मानायचं, सांगायचं स्वातंत्र्य दिलंय. पैसे, नोकरी, ॲडमिशनचं आमिष दाखवून केलेलं धर्मांतर म्हणजे येशूचा अपमान आहे, असं कुणी करत असेल तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. मला जे मिळालं ते मी चहा पिताना सांगते, तुला नको असेल तर चहा तर पी.

आमचा मुलगा म्हणतो मी नास्तिक झालो, उपासनेला येणार नाही. काय करू?

ताई, आधी रडणं थांबवा आणि त्याच्यासमोर तर रडूच नका. तो काय वाचतोय ते विचारा आणि तुम्हीही वाचा, आणि पाळकसाहेबांना त्याच्यावर सोडू नका. बऱ्याचदा मुलं देवाला नाही, आपल्या दुटप्पीपणाला नाकारत असतात, रविवारी गोड आणि सोमवारी कामवालीशी कसं बोलतो ते त्यांना दिसतं. त्याचा प्रश्न खरा असेल तर त्याला मान द्या. लूकमधला बाप मुलाला धरून ठेवत नाही हे लक्षात घ्या, जाऊ देतो, आणि रस्त्याकडे डोळे लावून असतो.

मला कशातच अर्थ वाटत नाही, जगावंसंच वाटत नाही. मी काय वाचू?

काही वाचू नको, आधी कुणाला तरी फोन कर, आत्ता. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. डिप्रेशन हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. नुसती प्रार्थना करा, गोळ्या बंद करा असं जो सांगेल त्याचं ऐकू नको, मग तो कितीही मोठा सेवक असो. तत्त्वज्ञानाच्या गप्पा आपण नंतर मारू, मी आहेच.

बाकी ज्याला खरंच शोध घ्यायचाय त्याने सुरुवात कुठून करावी?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. १६च अध्याय आहेत, ठाण्याहून पनवेल लोकलने जाऊन परत येईपर्यंत आरामात होतं. त्यानंतर जुन्या करारातलं उपदेशक वाचा, १२ अध्याय, पैसा, ज्ञान, मजा, काम सगळं करून बघितलेला माणूस सगळं व्यर्थ म्हणतोय आणि ते बायबलमध्येच आहे, नास्तिक मित्रांना हे फार आवडतं. बरोबर आगरकरांचे निबंधही वाचा, मी गंमत म्हणून सांगत नाहीये, दुसऱ्या बाजूचा सगळ्यात चांगला माणूस वाचल्याशिवाय तुलना होत नाही. वाचताना वहीत प्रश्न लिहा. आणि जमलं तर एकट्याने करू नका, एक विश्वास ठेवणारा आणि एक न ठेवणारा असे दोघं बरोबर घ्या. आमच्याकडे मी आणि माझा तो मित्र महिन्यातून एकदा तलावपाळीला भेटतो, पुढचा विषय पुनरुत्थानाचा आहे आणि तो तयारी करून येणार आहे असं त्याने आधीच बजावलंय.